सोमवारी सकाळी बंद सापडणारं ऑटोमॅटिक घड्याळ

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: मुलाने साठीला सेको फाइव्ह दिलं, ऑटोमॅटिक, मागच्या झाकणावर ४आर३६ असा मशीनचा नंबर कोरलेला. आठवडाभर छान चालतं. शनिवारी रात्री दहाला काढून कपाटात ठेवतात, रविवार घरातच जातो, आणि सोमवारी सकाळी नऊला घालायला जावं तर बंद. काटे दोन चाळीसवर. दुकानदाराने तर ४१ तास चालतं म्हणून सांगितलं होतं, मग पस्तीस तासही का टिकत नाही? घड्याळात खोट आहे का, रोज चावी द्यावी का, जास्त दिली तर स्प्रिंग तुटेल का, की ते गोल फिरवणारं वाइंडर विकत घ्यावं?

खोट बहुधा नाही. ४१ तास हा स्प्रिंग पूर्ण भरलेली असतानाचा आकडा आहे, आणि तुमचं घड्याळ शनिवारी रात्री पूर्ण भरलेलं नसतं. किती भरलेलं होतं, ते त्या दोन चाळीसनेच सांगितलंय. फक्त ते दुपारचे की पहाटेचे हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी वाराच्या खिडकीत बघा. या मशीनमध्ये तारीख मध्यरात्रीच्या सुमारास बदलते आणि वार त्यानंतर हळूहळू सरकत पहाटेपर्यंत जागेवर बसतो. चकतीवर वार दोन भाषांत छापलेले असतात, म्हणून मधे काही वेळ दुसऱ्या भाषेतला वार डोकावतो, त्याला बिघाड समजू नका. बंद घड्याळात वार अर्धवट अडकलेला किंवा दुसऱ्या भाषेतला दिसत असेल तर ते पहाटेचे दोन चाळीस. रविवार स्वच्छ, मधोमध दिसत असेल तर दुपारचे. दुपारचे असतील तर घड्याळ पावणेसतरा तासच चाललं आणि मग गोष्ट वेगळी आहे. माझा अंदाज पहाटेचा आहे, कारण कमी चावीची घड्याळं मध्यरात्र ते तीनच्या दरम्यान जास्त बंद पडतात. तारीख-वाराची चकती ढकलण्याचं जादा काम त्याच वेळी स्प्रिंगच्या वाट्याला येतं, आणि जोर आधीच उतरलेला असला की ती तिथे हात टेकते.

शनिवारी रात्री दहा ते सोमवारी पहाटे दोन चाळीस म्हणजे अठ्ठावीस तास चाळीस मिनिटं. ४१ तासांपैकी साधारण सत्तर टक्के. निवृत्त माणसाच्या मनगटावर रोज राहणारं घड्याळ एवढंच भरलेलं असतं, यात मला काही वावगं दिसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळांच्या तक्रारींत दोन गोष्टींची गल्लत नेहमी असते. घड्याळ किती साठवू शकतं हा एक प्रश्न, आणि तुमचा हात त्यात किती भरतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मशीनमध्ये असतं, दुसऱ्याचं तुमच्या दिवसात. दोन्ही वेगवेगळे मोजल्याशिवाय घड्याळ उघडायला बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि कारागिराचा वेळ दोन्ही वाया.

आधी भरतं कसं ते बघू. तुमच्या घड्याळाच्या मागे काच आहे. त्यातून अर्धगोल जाड पत्रा फिरताना दिसतो, तो रोटर. वजन सगळं एका बाजूला, त्यामुळे घड्याळ कलतं तसा तो खाली पडायला बघतो. त्याच्या फिरण्याने एक चाक फिरतं आणि त्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला बसवलेल्या खुंटीवर दोन बाहूंचा एक लिव्हर असतो. खुंटी पुढे गेली की एक बाहू दातेरी चाक ढकलतो, मागे आली की दुसरा बाहू तेच चाक ओढतो. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, दातेरी चाक एकाच दिशेने पुढे सरकतं. सेकोने ही युक्ती १९५९ साली आणली आणि तिला ‘मॅजिक लिव्हर’ नाव दिलं. नाव जरा जाहिरातीसारखं वाटतं, पण इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी यंत्रणा मी दुसरी पाहिलेली नाही. स्विस मशीनमध्ये, उदाहरणार्थ ईटीए २८२४-२ मध्ये, हेच काम दोन रिव्हर्सिंग चाकं करतात. तीही चांगली असतात, पण तेल वाळलं की रुसतात. त्याबद्दल पुढे.

ही मनगटावरची कल्पना जॉन हारवूड नावाच्या इंग्रज कारागिराची, पेटंट १९२४ चं. त्याच्या घड्याळातलं वजन पूर्ण फेरी घेत नसे, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला. गंमत म्हणजे हारवूडच्या घड्याळाला चावीचं बटणच नव्हतं. धूळ तिथूनच शिरते म्हणून त्याने ते काढून टाकलं, आणि वेळ लावायला काचेभोवतीची कडी फिरवायची. आपल्याकडे घराघरांत असलेल्या जुन्या सेको फाइव्हमधल्या ७एस२६ मशीनलाही बटणाने चावी देता येत नाही. ते बटण फक्त वेळ आणि तारीख-वार लावायला. तुमचं ४आर३६ त्यापुढचं, त्याला हाताने चावी देता येते. तुमचा अर्धा प्रश्न या एका सोयीने सुटतो.

आता हात. रोटर फिरायचा तर घड्याळाचा कल बदलायला हवा. हात मोकळे सोडून चाललं की प्रत्येक पावलाला मनगट वळतं, कलतं, झटका घेतं. याहून चांगली चावी नाही. पण सकाळी कमाटीबागेत जाऊन बघा. साठीच्या पुढचे निम्मे लोक दोन्ही हात पाठीमागे गुंफून चालतात. फ्लोरल क्लॉकला दोन चकरा मारल्या तरी मनगट पाठीला टेकलेलंच. रोटर थोडा थरथरतो, बस. हात मोकळे सोडा, घड्याळही भरेल आणि खांदेही सुटतील.

स्कूटरचं तसंच. लोकांना वाटतं, वडोदऱ्याच्या खड्ड्यांतून रोज गाडी हाकतो म्हणजे घड्याळ काठोकाठ भरत असणार. हँडल धरलेलं मनगट एकाच कोनात असतं. धक्क्याने रोटर जागच्या जागी हलतो, पण प्रत्येक यंत्रणेत थोडी रिकामी चाल असते, म्हणजे रोटर अमुक इतका फिरल्याशिवाय पुढचा दाता पकडला जात नाही. बारीक थरथर त्या रिकाम्या चालीतच जिरते.

आणि हिंचका. हा खास आपल्या गावाचा विषय म्हणून जरा थांबतो. रविवारी जेवण झालं की दुपारभर हिंचक्यावर बसणारे पुष्कळ. घड्याळ हातात असतं, हिंचका पुढे-मागे चालू असतो, आणि तरी संध्याकाळपर्यंत चावी उतरलेली. एका गुजराती गिऱ्हाइकाने मला अगदी चिडून विचारलं होतं, ‘आखो दिवस हलावुं छुं, तोय बंध केम?’ उत्तर मजेशीर आहे. हिंचका पुढे जाताना तुम्ही, पाट, हात आणि घड्याळ सगळे एकत्र कलता आणि एकाच वेगाने जाता. त्या गतीत पाटावरच्या माणसाला ‘खाली’ ही दिशा कायम पाटाकडेच वाटते. म्हणून तर चालत्या हिंचक्यावर हातातल्या कपातला चहा सांडत नाही. रोटरलाही खाली म्हणजे पाटाकडेच. तो जिथे लटकलाय तिथेच लटकून राहतो. हिंचक्याने तासाला किती झोके घेतले याने काही फरक पडत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसा, मनगट तरी फिरेल. अर्थात घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात असतं आणि सुरी उजव्या.

टीव्ही, वाचन, फोन, पत्त्यांचा डाव, यांतलं कशानेच फार भरत नाही. झोपेत घड्याळ हातात ठेवून फायदा फारसा नाही. कूस बदलली तेवढाच.

आता चावी जास्त होण्याची भीती. ती हाताने चावी द्यायच्या घड्याळांच्या काळातली आहे. एचएमटी जनतासारख्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक बॅरलला, म्हणजे जिच्यात स्प्रिंग गुंडाळलेली असते त्या डबीला, पक्कं अडकवलेलं असतं. पूर्ण भरली की बटण घट्ट थांबतं, आणि त्यापुढे जोर लावला तर काहीतरी तुटणार. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक अडकवलेलंच नसतं. टोकाला जाड, उलट्या बाकाचा एक तुकडा असतो, तो डबीच्या भिंतीला आतून दाबून बसतो. तिथे खास घट्ट ग्रीस लावतात. स्प्रिंग भरली की हा तुकडा भिंतीवरून थोडा घसरतो, ताण सुटतो आणि पुन्हा पकडतो. दिवसभर हात हलवत राहिलात तरी तेच होतं. त्यामुळे जास्त चावीने ऑटोमॅटिकची स्प्रिंग तुटत नाही. बटण फिरवताना शेवट असा लागत नाही. शांत खोलीत कानाजवळ धरलंत तर भरल्यावर अधूनमधून हलकी घसरल्याची जाणीव होते, आणि तीही सगळ्यांना कळत नाही.

मग रोज हाताने चावी द्यायची का? नको. स्प्रिंगला त्याने काही होत नाही, झीज होते ती बटण ते दातेरी चाक या मधल्या साखळीची, आणि ऑटोमॅटिकमध्ये ती साखळी रोजच्या वापरासाठी बनवलेली नसते. बंद पडलेलं घड्याळ सुरू करताना द्या, काढून ठेवायच्या आधी गरज असेल तर द्या. घड्याळ हातातून काढून द्या. मनगटावर असताना बटण तिरकं ओढलं जातं आणि आतली दांडी वाकते. तुमच्या घड्याळाचं बटण न ओढता, आहे त्या जागी, बाराच्या दिशेने फिरवायचं. पाण्यात घालायच्या घड्याळांची बटणं आट्यांची असतात, ती आधी उलटी फिरवून सैल करायची आणि नंतर आठवणीने परत कसायची.

किती वळसे? ४आर३६ ला रिकाम्यापासून पूर्ण भरायला पंचावन्नच्या आसपास वळसे लागतात. म्हणजे एक वळसा साधारण पाऊण तासाचा. बऱ्याच स्विस मशीनना तीस-चाळीस पुरतात. पूर्ण वळसा म्हणजे बटणाची पूर्ण फेरी. बोटांच्या एका चिमटीत अर्धीच फेरी होते, म्हणून लोक तीस मोजतात आणि घड्याळात पंधराच जातात. बटणावरचं अक्षर किंवा ओरखडा धरून एकदा मोजून बघा, तुमची एक चिमटी म्हणजे किती ते कळेल.

तुमच्या सोमवारचा इलाज यातच आहे. शनिवारी रात्री दहा ते सोमवारी नऊ, पस्तीस तास. तुमच्याकडे असतात पावणेएकोणतीस. काढून ठेवताना पंधरा पूर्ण वळसे द्या, अकरा तासांच्या आसपास भर पडेल. सोमवारी घड्याळ चालू सापडलं पाहिजे. ज्यांच्याकडे ७एस२६ आहे त्यांना ही सोय नाही. त्यांनी डायल वर ठेवून घड्याळ आडवं, अर्धवर्तुळात, हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे झुलवायचं. अर्धा-एक मिनिट झुलवलं की ते सुरू होतं, पुढचं काम हाताचं. थर्मामीटर झटकतात तसं मात्र झटकू नका, त्याने रोटरच्या बेअरिंगला मार बसतो.

तरीही मनात शंका असेल तर मोजा. मोजणी दोन वेगळ्या दिवसांची.

पहिली मोजणी मशीनची. संध्याकाळी सहाला सुरुवात करा, सकाळी नाही. सकाळी आठला सुरू केलंत तर ४१ तास संपतात रात्री एकला, आणि तेव्हा बघायला कोण जागं राहणार? संध्याकाळी सहाला सुरू केलं तर एक दिवस सोडून सकाळी अकराला संपतात. साठ वळसे द्या, दोन-चार जास्त गेले तर घसरतील. सेकंद काटा बाराशी आला की बटण बाहेर ओढा, या मशीनमध्ये सेकंद काटा थांबतो. फोनच्या घड्याळाशी जुळवा आणि बटण आत ढकला. डायल वर करून अशा जागी ठेवा जिथे कोणी हलवणार नाही. फ्रिज, स्पीकर, इंडक्शनची शेगडी यांच्यापासून लांब. मग हात लावायचा नाही. उचलून बघितलंत की रोटर फिरला आणि मोजणी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला न उचलता फोनशी ताडून बघा, किती सेकंद पुढे-मागे आहे. कागदावर लिहा. तिसऱ्या दिवशी बंद पडल्यावर काटे कुठे थांबले ते लिहा. ४१ च्या आसपास आलं तर मशीन निरोगी. अडतीस आलं तरी मी उघडणार नाही. पस्तीसच्या खाली आलं तर स्प्रिंगवर, डबीतल्या ग्रीसवर किंवा तेलावर संशय घ्यायला जागा आहे. दुसऱ्या मध्यरात्रीच्या आसपासच बंद पडलं तर तारीख-वाराच्या भागात काहीतरी जड चालतंय. तारीख-वाराशिवायच्या साध्या डायलच्या घड्याळाला हा शेवटचा खुलासा लागू नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी मोजणी तुमच्या दिवसाची. पूर्ण बंद पडलेलं घड्याळ घ्या, हाताने चावी देऊ नका, नुसतं झुलवून सुरू करा. सकाळी सातला वेळ लावून घाला आणि नेहमीचा दिवस जाऊ द्या. मोजायचंय म्हणून मुद्दाम हात हलवत बसू नका, लोक बसतात. रात्री दहाला काढा, डायल वर करून ठेवा, केव्हा बंद पडतं बघा. रात्रीचे दहा ते सकाळचे सात म्हणजे नऊ तास. त्याआधीच बंद पडलं तर तुमचा दिवस घड्याळाच्या रोजच्या खर्चाला पुरत नाही. नऊच्या पुढे जितकं चाललं तितकी रोजची शिल्लक, आणि ती दिवसागणिक साठत जाते. एक दिवस बाजारहाटाचा आणि एक दिवस घरी बसल्याचा, असं दोनदा करून बघा. खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेलात तो दिवस आणि टीव्हीवर मॅच बघितलीत तो दिवस यांत केवढा फरक पडतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पहिली मोजणी चांगली आणि दुसरी वाईट, आणि तुम्ही हिंडते-फिरते आहात, तर रोटरकडचा भाग तपासायला हवा. घड्याळ उभं धरून सावकाश फिरवा. मागच्या काचेतून बघितलं तर रोटर आपल्या वजनाने खाली यायला हवा, मधेच अडायला नको. घासल्यासारखा खरखर आवाज येत असेल किंवा काचेच्या कडेला चकाकती धातूची पूड दिसत असेल, तर बेअरिंग किंवा स्क्रू सैल झालाय. पहिलीच मोजणी वाईट आली तर हात-पाय हलवून उपयोग नाही, मशीन सर्व्हिसला द्यायचं.

रोटरच्या आवाजावरून मात्र उगाच घाबरू नका. मियोटा ८२१५ आणि त्याच्या जातीची मशीनं एकाच दिशेने भरतात. दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा असतो, त्यामुळे हात झटकला की घर्रर्र करून फिरत राहतो. तो त्यांचा स्वभाव आहे. ईटीए २८२४-२ मध्ये मात्र हाताने चावी देताना रोटर पंख्यासारखा गरागरा फिरायला लागला, तर तिथेच थांबा. त्या रिव्हर्सिंग चाकांचं तेल वाळलंय. तसंच फिरवत राहिलात तर दाते जातील.

आमच्याकडे टाइमग्राफर असतो. मायक्रोफोनवर घड्याळ ठेवलं की तो टिकटिक ऐकून तीन गोष्टी दाखवतो: दिवसाला किती पुढे-मागे, टिक आणि टकमधलं अंतर सारखं आहे का, आणि बॅलन्स चाक, म्हणजे मागे-पुढे झुलून टिकटिक चालवणारं चाक, किती अंश झुलतंय. चावीच्या दृष्टीने तिसरी महत्त्वाची. आधी मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक टिकेला जोर घेताना बॅलन्स चाक जितके अंश फिरतं तो कोन, भरावा लागतो, या सेकोला ५३ आणि मियोटा ८२१५ ला ४९. चुकीचा भरला तर आकडा खोटा येतो. पूर्ण भरलेलं, डायल वर, अशा स्थितीत बहुतेक मशीनमध्ये २७० ते ३१० अंश बघायला आवडतं. सेकोच्या या जातीत २५० च्या आसपास असलं तरी मी समाधानी असतो. मग चोवीस तासांनी परत मोजायचं. तेव्हा २०० च्या वर असेल तर स्प्रिंगमध्ये जीव आहे. पूर्ण भरलेलं असतानाच १८० दाखवत असेल तर ते घड्याळ कसंबसं दिवस ढकलतंय. फोनमध्येही टिकटिक ऐकणारी ॲप्स मिळतात. वेळेच्या चुकीसाठी ती बऱ्यापैकी चालतात, अंशांवर मी विश्वास ठेवत नाही.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. स्प्रिंगचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसतो. अगदी भरलेली असताना जास्त, मग बराच वेळ जवळजवळ सपाट, आणि शेवटच्या काही तासांत भराभर उतरतो. कंपनी सांगते ते ४१ तास म्हणजे थांबेपर्यंतचे, वेळ बरोबर दाखवण्याचे नव्हेत. तुमच्या मशीनला कंपनीची मुभा मुळातच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी ऐसपैस आहे. चावी उतरत आल्यावर ते याहून भलतीकडे गेलं तर नवल नाही. सत्तर टक्के भरलेलं घड्याळ त्या सपाट भागात चालत असतं. म्हणून ते वेळ नीट दाखवतं आणि तुम्हाला आठवडाभर शंकाही येत नाही.

जास्त तासांचं घड्याळ घ्यावं का, असंही विचारणारे भेटतात. टिसोवाल्यांच्या पॉवरमॅटिक ८० ला ८० तास मिळतात. ठोके तासाला २८,८०० वरून २१,६०० वर आणले, डबीच्या मधला दांडा बारीक करून लांब स्प्रिंगला जागा केली. सेकोचंच ६आर३५ सत्तर तास जातं. शनिवार-रविवार घड्याळ काढून ठेवणाऱ्यांना हे खरंच सोयीचं. पण केवळ सोमवारच्या सकाळसाठी मुलाने दिलेलं घड्याळ बाजूला टाकायचं, हे मला पटत नाही.

वाइंडरही नको. चार-पाच ऑटोमॅटिक आलटून पालटून घालणारा, किंवा ज्याची तारीख-महिना-चंद्रकला लावायला अर्धा तास जातो असं घड्याळ असलेला माणूस घेईल तर समजू शकतो. घ्यायचंच असेल तर दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्या आणि मधेमधे विश्रांती देणारं घ्या. बाजारात स्वस्तातले काही चोवीस तास फिरतच राहतात, त्याने डबीतलं ग्रीस आणि रोटर विनाकारण झिजतात. एका घड्याळासाठी शनिवारचे पंधरा वळसे पुरे.

सोमवारी बंद सापडलंच तर वेळ लावताना एक जपा. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत काटे असताना बटणाने झटपट तारीख-वार बदलू नका. चकती ढकलणारा दाता तेव्हा आधीच अडकलेला असतो, जोर केला की मोडतो. तुमचे काटे दोन चाळीसवर म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. आधी काटे पुढे फिरवून साडेसहावर आणा, कालची तारीख आणि वार लावा, मग काटे पुढे नेत नेत आजचा वार बदलू द्या. तो बदलला की रात्र संपली आणि सकाळ सुरू झाली हे तुम्हाला नक्की कळतं. मग नऊ वाजवा.

पत्राच्या शेवटी वडिलांच्या एचएमटी ऑटोमॅटिकचाही उल्लेख आहे, ते जेमतेम वीस तास चालतं म्हणून. त्याचा हिशोब वेगळा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून घड्याळं सुरू केली आणि कारखाना बंद करायचा सरकारी निर्णय २०१६ चा, म्हणजे तुमच्या घड्याळातली स्प्रिंग नवी असण्याची शक्यता कमी. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेली स्प्रिंग आपला बाक धरते, बाहेर काढली तर उलट्या एस-सारखी उघडत नाही, नुसती कुंडली करून बसते. तिच्यात जोर नसतो. नवी घालून घ्या, पण मापाची. रुंदी आणि जाडी दोन्ही जुळायला हव्यात. ‘थोडी जाड घातली, जोर जास्त येईल’ असं कोणी म्हणालं तर घड्याळ उचलून घरी या. जोर जास्त झाला की बॅलन्स चाक प्रमाणाबाहेर झुलून उलट्या बाजूने आपटतं आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं.

नवरात्र संपलं की अशी पुढे पळणारी घड्याळं दुकानात रांगेने येतात, आणि त्यांत निम्म्यांचं कारण तर वेगळंच निघतं. गरब्यात टाळ्या वाजवून वाजवून चावी काठोकाठ भरते ते खरं, पण मंडपातल्या मोठ्या स्पीकरशेजारी उभं राहून घड्याळ चुंबकित झालेलं असतं. साधं होकायंत्र डायलवर धरा. सुई ओढली गेली तर चुंबक. ते काढायला आमच्याकडे काही सेकंद लागतात, घड्याळ उघडावंही लागत नाही. टाळ्यांच्या धक्क्यांसाठी सेकोत डायाशॉक असतो, पण नऊ रात्री सलग त्याची परीक्षा कशाला? गरब्याला साधं क्वार्ट्झ घालून जा.

सर्व्हिसचं म्हणाल तर मोजणी चांगली येत असेपर्यंत पाच-सात वर्षं नव्या घड्याळाला हात लावायची गरज नाही. एचएमटी मात्र आणा. आणताना दोन्ही मोजण्यांचा कागद सोबत ठेवा. किती वळसे दिले, किती वाजता ठेवलं, काटे कुठे थांबले, तारीख-वार काय दिसत होता. आणि सेकोची पहिली मोजणी खरंच पस्तीसच्या खाली आली, आणि मुलाने दिलेल्या डब्यात वॉरंटीचं कार्ड मुदतीत असलं, तर ते माझ्याकडेही आणू नका. झाकण बाहेर कुठे उघडलं की वॉरंटी गेली. कार्ड आणि तो कागद घेऊन थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.